कपाळ थांबेपर्यंत

जोयडा तालुक्यात बुदाप्पा वेळीपनं डाग दिला नाही असं चार पायांचं काही उरलेलं नव्हतं. आमच्या बसच्या शेवटच्या थांब्यावर चहाचं खोपटं आहे. त्यातलं टेबल एका पायानं लंगडायचं. एक दिवस चहा पिता पिता बुदाप्पानं चुलीतलं जळतं लाकूड उचललं, टेबलाच्या पायाला टेकवलं, आणि त्या दिवसापासून टेबल सरळ उभं राहिलं. लांबडा पाय जळून आखूड झाला असेल, असं शहाणी माणसं म्हणतील. म्हणू देत. टेबलाच्या चेहऱ्यावर पडलेला फरक मी माझ्या डोळ्यांनी पाहिला आहे.

मी त्या रस्त्यावर कंडक्टर होतो. रामनगरहून निघालेली बस बाजारकुणंग मागे टाकून रानात शिरायची, आणि जिथं डांबर दमून खाली बसायचं तिथं एका फणसाला वळसा घालून परत फिरायची. मधे वीस मिनिटं विश्रांती. फणसासमोर बुदाप्पाचं घर. त्यामुळे माझी त्याची ओळख वीस-वीस मिनिटांचीच. पण अशी वीस मिनिटं वीस वर्षं साठत गेली की माणसाच्या दाढीचे खुंटसुद्धा ओळखीचे होतात.

बैलाचा खांदा सुजला, म्हैस लंगडायला लागली, वासराचं पोट फुगलं की लोक जनावर हाकत त्याच्या अंगणात आणायचे. तो लोखंडाची डागणी निखाऱ्यात लाल करायचा आणि दुखऱ्या जागी टेकवायचा. चर्र आवाज, धूर, एक हंबरडा, संपलं. अंगानं बुदाप्पा एवढासा, वाऱ्यानं पडलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा, पण माजलेला रेडाही त्याच्यापुढं शाळा चुकवलेल्या पोरासारखा मान खाली घालून उभा राहायचा. एकदा म्हणे एक रानगवा कळप सोडून आपला आपण त्याच्या दारात येऊन उभा राहिला, आणि खांद्यावर डाग घेऊन आल्या वाटेनं निघून गेला. मी स्वतः पाहिलेला नाही. पण ज्यानं सांगितलं तो माणूस शनिवारी कधी खोटं बोलत नसे, आणि तो बहुधा शनिवार होता.

डागणी टेकवण्याआधी बुदाप्पा वाकून जनावराच्या कानात काहीतरी पुटपुटायचा. मंत्र आहे म्हणायचे लोक. मी एकदा विचारलं.

"मंतर कसला गा?" तो म्हणाला. "माफी मागून घेतो. नंतर मागायला जनावर थांबत न्हाई."

तरुणपणी त्यानं कॅसलरॉकला रेल्वेरुळावर खडी टाकायचं काम केलं होतं. म्हणून त्याच्या कुत्र्यांना स्टेशनांची नावं. लोंढा, तिनई, कुळें. जेवायच्या वेळी तो अंगणात उभा राहून हाका मारायचा, आणि आमच्या बसमधली नवखी माणसं घाबरून सामान गोळा करायला लागायची. "तिनई येळंवर आली," तो भाताचे गोळे टाकत म्हणायचा, "लोंढा आज लेट हाय." रानातलं घर कुत्र्याशिवाय म्हणजे दाराशिवाय, असं त्याचं मत. बिबट्या दर दोनतीन वर्षांनी एखादं स्टेशन उचलून न्यायचा. बुदाप्पा दोन दिवस जेवायचा नाही, मग नवीन पिल्लाला तेच नाव द्यायचा. स्टेशन बंद पडता कामा नये.

तर अशा माणसाच्या अंगणात एक दिवस रामनगरच्या बसवंतशेठची जीप येऊन थांबली.

बसवंतशेठचं भुसाराचं दुकान, घराणं मूळ खानापूरकडचं. सुपा धरणाच्या पाण्याकाठी त्यांनी पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या, आणि दारात रुबाब हवा म्हणून लांबून कुठून तरी मोठ्या डोक्याच्या विलायती जातीची दोन पिल्लं आणली होती. एकाच वेताची, दोघे भाऊ. पिल्लं कसली, रेडकंच ती. शेपूट हलवलं की दुकानातलं तांदळाचं पोतं कलंडायचं. शेठनी त्यांना इंग्रजी नावं दिली होती, ती कुणाच्या जिभेवर बसली नाहीत. सगळे त्यांना थोरला आणि धाकटाच म्हणायचे.

थोरला पाच महिन्यांचा झाला तसं त्याचं कपाळ फुगायला लागलं. मऊ सूज नव्हती ती. हाडच वर येत होतं. दोन्ही डोळ्यांच्या वर दगडासारखी दोन टेंगळं, डोळे आत विहिरीत बसल्यासारखे, त्यांतून सारखं पाणी. डोक्याला हात लावला की किंचाळायचा. बुदाप्पानं बोटांच्या टोकांनी चाचपून बघितलं आणि डागणी हातात घेऊन तसाच बसून राहिला.

"डोळ्याच्या इतक्या जवळ मी कदी दिलो न्हाई शेठ."

"तुझा हात हाय न्हवं?" शेठ म्हणाले. "मग?"

भोवती आमची अख्खी बस उभी होती. एवढ्या माणसांदेखत त्या 'मग'ला नाही म्हणणं अब्रूला पटण्यासारखं नव्हतं. बुदाप्पा कुत्र्याच्या कानाशी वाकला, नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ वाकला, आणि त्यानं उजव्या भुवईच्या वर डाग दिला.

जखम भरली. पण भरताना कातडं आखडलं, त्याबरोबर पापणी वर ओढली गेली, आणि तो डोळा मिटेनासा झाला. झोपेतही उघडा. कोरडा पडत गेला, मग त्यावर साय धरल्यासारखं झालं, आणि एक दिवस तो पुरता पांढरा झाला. इकडे दीड-दोन महिन्यांत कपाळाचं हाड मात्र वाढायचं थांबलं. झालं! डोळ्याचं कुणाला काय? बुदाप्पानं हाडाला ब्रेक लावला, ही बातमी आमच्या बसनंच जोयड्यापर्यंत नेली. ती नेण्यात माझा वाटा किती होता ते मी सांगत नाही. शेठनी थोरल्याला बुदाप्पाच्या अंगणातच सोडलं. काणं कुत्रं दारात उभं करून पाहुण्यांचं स्वागत कसं करायचं, म्हणाले.

काही दिवसांनी नव्या डॉक्टरबाई आमच्या बसनं आल्या. जनावरांना लस टोचायला आलेल्या, सरकारी, वयानं लहान, हावेरीकडच्या. परत जाताना बसची वाट बघत फणसाखाली उभ्या होत्या, तेवढ्यात थोरला त्यांच्या पिशवीचा वास घ्यायला आला. त्यांनी त्याचं डोकं हातात धरलं, भुवईवरचा व्रण बघितला. पुढचं बोलणं कन्नडात झालं, मी ते मराठीत आणतोय. शिव्या असत्या तर तशाच ठेवल्या असत्या, पण नव्हत्या.

"हे कुणी केलं?"

"मी," बुदाप्पा म्हणाला. "कपाळ फुगत हुतं. थांबलं बगा."

"ते थांबणारच होतं, अज्जा."

मग त्यांनी सावकाश समजावलं. काही जातींच्या पिल्लांत वाढीच्या वयात कवटीचं हाड भलतंच जाड होत जातं. दुखतं, मधूनच ताप येतो, डोळ्यांवर दाब येतो. वाढीचं वय सरत आलं की बहुतेक वेळा ते आपोआप थांबतं, थोडं उतरतंही. तोवर दुखणं कमी राहील असं औषध द्यायचं, डोळे ओले आणि स्वच्छ ठेवायचे, मऊ खायला घालायचं.

बुदाप्पानं सगळं ऐकलं. ड्रायव्हरनं एकदा हॉर्न दिला. मी तो ऐकला नाही, म्हणजे ऐकला, पण पाय हलले नाहीत.

"आनि मी डागलो नसतो," बुदाप्पानं विचारलं, "तर डोळा?"

डॉक्टरबाईंनी बॅगेची चेन लावली, पुन्हा उघडली. "डोळा पापणीमुळं गेला," त्या म्हणाल्या. "राहिला असता."

"सांगितलीस ते बरं केलीस, बाय," बुदाप्पा म्हणाला आणि घरात गेला.

दोनतीन आठवडे गेले असतील नसतील, शेठची जीप परत आली. मागच्या सीटवर धाकटा. त्याचंही कपाळ फुगलं होतं. शेठ हुशार माणूस, ते आधी बेळगावला जाऊन डोक्याचा एक्स-रे काढून आले होते, आणि आता तो लिफाफा काखेत मारून डाग मागायला आले होते.

"दे डाग. थोरल्याला गुण आला हाय."

"डोळा गेला त्याचा."

"एक गेला. एक हाय की! मेलं तर न्हाई न्हवं?"

"न्हाई देत मी."

शेठना वाटलं आपण चुकून दुसऱ्याच घरी आलो. "म्हंजे? तुला जमत न्हाई तर सांग. तिनईघाटाकडं एक डागनारा हाय, त्याच्याकडं नेतो आत्ताच्या आत्ता."

बुदाप्पानं जीपच्या दारावर हात ठेवला. "त्याला नको नेऊ शेठ. हितं ठेव. शिमग्यापतोर ठेव. तवर थांबलं न्हाई, तर तू बोट ठेवशील तितं मी सोता डाग देतो. ह्या सगळ्यांदेकत."

आणि असा धाकटा राहिला. आता शिमग्यापर्यंत त्याचं कपाळ थांबलं तर दोन्ही डोळे वाचणार, आणि नाही थांबलं तर ज्या हातानं एका भावाचा डोळा गेला त्याच हातानं दुसऱ्याच्या भुवईवर लोखंड टेकवायचं. एक्स-रे मात्र वाया गेला नाही. पुढच्या फेरीला डॉक्टरबाईंनी तो उन्हात धरून बघितला, "तेच आहे," म्हणाल्या, औषधांच्या बाटल्या दिल्या आणि दर आठवड्याला येऊन बघून जायला लागल्या. थांबेल ना, असं बुदाप्पानं विचारलं की त्या "बहुतेक" म्हणायच्या. हा शब्द त्याला अजिबात आवडायचा नाही. डागणीला 'बहुतेक' माहीत नसतं.

त्यानं आपली एक रीत काढली. दर बाजाराच्या दिवशी केळीच्या सोपटाचा धागा घ्यायचा, धाकट्याच्या डोक्याभोवती भुवयांच्या वरून फिरवायचा, जिथं टोकं भेटतील तिथं कापायचा, आणि घराच्या कुडावर खिळ्याला लटकवायचा. शेजारी दुसऱ्या आठवड्याचा, त्याच्या शेजारी तिसऱ्याचा. प्रत्येक धागा आधीच्यापेक्षा लांब. चहाच्या खोपटात थट्टेला ऊत आला.

"बुदाप्पा शिंपी झाला गा! कुत्र्याला टोपी शिवतोय!"

"तुझं बी माप दे," बुदाप्पा शांतपणे म्हणाला. "तुला बी शिवतो. कापड लई लागनार न्हाई."

लाल लोखंड नेमक्या जागी टेकवणाऱ्या त्याच्या हाताला डोळ्यांच्या औषधाची ती चिमुकली बाटली मात्र जमेना. पहिल्या दिवशी अर्धी बाटली धाकट्याच्या नाकावर गेली. मग थेंब घालायचं काम त्याच्या बायकोनं, शेवंताकाकीनं घेतलं. तिचं तोंड चालूच असायचं.

"माझ्या डोळ्यात चुलीचा धूर जातोय लगीन झाल्यापासनं," ती मला ऐकवायची. "ह्यानं फुंकरसुदिक घातली न्हाई कदी. बगा कंडाक्टर, पुढल्या जन्मी मी इलायती कुत्रं व्हनार." आणि तोंडानं हे चाललेलं असताना बोट इतकं हलकं, की धाकट्याला थेंब पडल्याचं कळायचंही नाही. त्याच्यासाठी मऊ पेजही तीच शिजवायची, कारण त्याला तोंड उघडतानाही दुखायचं.

पौष संपता संपता धाकट्याचं दुखणं वाढलं. टेंगळं इतकी पुढं आली की पापण्या सुजून डोळे बंदच झाले. चार दिवस त्यानं पेज हुंगली नाही. कपाळ भिंतीला टेकवून उभा राहायचा आणि विव्हळायचा. डॉक्टरबाईंनी इंजेक्शन दिलं, पण "बहुतेक"च्या पुढं त्यांनाही जाता येईना. त्या दुपारी बस वळवून मी अंगणात गेलो तर बुदाप्पा निखाऱ्यांपुढं उकिडवा बसलेला. निखाऱ्यात डागणी. लाल झालेली.

मी शेजारी टेकलो.

"जनावर खोटं विव्हळत न्हाई," तो निखाऱ्यांकडं बघत म्हणाला. "ते वरडतंय आनि मी नुसता बसलोय. हात मोकळा ठेवून बसायला मला कुनी शिकिवलंच न्हाई गा."

काकी घरातून आली. तिनं त्याच्याकडं बघितलं, डागणीकडं बघितलं. मग आत जाऊन एक सुका बांगडा घेऊन आली आणि डागणी बाजूला सारून तो निखाऱ्यावर ठेवला.

"इंगळ चांगलं पडल्यात," ती म्हणाली. "फुकट कशाला घालवू?"

बांगडा भाजत आला. त्या वासानं लोंढा, तिनई, कुळें तिन्ही गाड्या एका फलाटावर येऊन उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या मागून, भिंतीला नाक घासत, डोळे बंद असलेला धाकटा आला. काकीनं काटे काढून पेजेत बांगडा कुस्करला. त्यानं चार घास खाल्ले. डागणी अंगणात पडून काळी झाली.

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी बुदाप्पानं मला बसमधून उतरू दिलं नाही, दारातच गाठलं. दोन्ही हातांत एकेक धागा.

"हे दोन धागं बग. माझ्या डोळ्यांवर माझा इस्वास न्हाई. त्यास्नी जे पायजे तेच दिसतंय."

मी धागे ताणून एकमेकांशी लावले. टोकाला टोक. पुन्हा लावले. ड्रायव्हरनंही लावून बघितले. सारखे होते. पुढच्या आठवड्याचाही तेवढाच. त्याच्या पुढच्या आठवड्याचा तांदळाच्या दाण्याएवढा आखूड.

मग पापण्यांची सूज उतरली. शिमग्याला आठवडा असताना मी पोचलो तेव्हा धाकटा अंगणात बसला होता आणि त्याचे डोळे उघडे होते. बुदाप्पानं मला खुणेनं थांबवलं. त्यानं कोंबडीचं एक पीस उचललं आणि आवाज न करता वरून सोडलं. पीस हेलकावे खात खाली आलं. धाकट्याची मान त्याच्याबरोबर उजवीकडं गेली, डावीकडं आली, पुन्हा उजवीकडं गेली. मी टाळी वाजवणार होतो. पण बुदाप्पा धाकट्याकडं बघतच नव्हता. तो पलीकडं उन्हात पडलेल्या थोरल्याकडं बघत होता.

"म्हंजे त्याचा बी ऱ्हायला असता," तो म्हणाला. "आता त्यात 'बहुतेक' म्हनायला बी जागा न्हाई."

शेठ आले ते माणसं घेऊनच आले. जीपमधून चार, आमच्या बसमधून चाळीस. धाकटा उड्या मारत त्यांच्या अंगावर गेला. शेठनी त्याचे दोन्ही डोळे निरखले आणि दोन्ही हात आभाळाकडं नेले.

"काय हात हाय गा तुझा, बुदाप्पा! आता तर लोखंड बी लागत न्हाई!"

माणसांनी माना डोलावल्या. खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडात गोष्ट तयार होती. बुदाप्पानं नुसती फुंकर मारली आणि कुत्र्याचं कपाळ फुग्यासारखं उतरलं. बाजारकुणंगपर्यंत ती चांगली पोसली असती, रामनगरला पोचेतो दोन हत्तींएवढी झाली असती.

"हात न्हाई," बुदाप्पा म्हणाला. "त्याचं वय झालं, हाड थांबलं. दुखनं डाक्टरबाईच्या औषदानं सोसलं. डोळं हिनं सांभाळलं. मी धागं कापलो फकस्त. आनि त्या थोरल्याचं बी असंच थांबनार हुतं. त्याचा डोळा रोगानं न्हाई गेला. मी घालीवलो."

मग मागून एकजण म्हणाला, "मग माझ्या बैलाच्या खांद्याला डाग दिलास ते?"

"ते मला ठावं न्हाई."

"ठावं न्हाई म्हंजे? गुण आला हुता की!"

"आला आसंल. डागानं आला का आपसूक आला, कसं सांगू? थांबून बगितलोच न्हाई कदी. ह्या दोगांचं ठावं हाय, तेवडं सांगितलो."

चिडली माणसं. देवळातला देव उठून मी दगड आहे म्हणाला तर भक्त चिडतील, तसं झालं. काहींनी त्याच्याशी बोलणं टाकलं. काही तिनईघाटाकडं जायला लागले. काही मात्र पूर्वीसारखेच जनावर घेऊन यायचे. तो अंगभर चाचपून बघायचा, कानात काही पुटपुटायचा नाही, आणि डॉक्टरबाई कुठल्या वारी येतात ते सांगायचा. मी बसमध्ये अजून पुष्कळ गोष्टी सांगतो, आणि त्या पुष्कळ वाढवतो. ह्या गोष्टीत तो गवा आणि ते टेबल सोडलं तर काही वाढवलेलं नाही.

पुढं माझी बदली दुसऱ्या रस्त्यावर झाली. बुदाप्पा गेला ते मला तिथं कळलं, चार दिवस उशिरा. मी त्याला शेवटचं पाहिलं ते बदलीच्या आधीच्या आठवड्यात, सकाळच्या फेरीला. बाजारकुणंगच्या अलीकडे रस्ता अरुंद आहे, डाव्या अंगाला दाट रान. थोरला आता वासराएवढा झाला होता. रानाच्या कडेनं तो चालला होता, आणि त्याच्या उजव्या अंगाला, पांढऱ्या डोळ्याच्या बाजूला, जवळजवळ रस्त्याच्या मधोमध, बुदाप्पा. मागून बस येतेय हे त्याला ऐकू येत होतं, कारण त्यानं न वळताच हात मागं करून थोपवण्याची खूण केली. ड्रायव्हरचा हात हॉर्नकडं गेला. मी नको म्हणालो.

रस्ता रुंद होईपर्यंत आमची बस त्या दोघांच्या चालीनं मागून गेली. मधेच एक खड्डा आला, बुदाप्पानं गुडघ्यानं कुत्र्याला हलकेच आत लोटलं. समोरून एक सायकलवाला आला, बुदाप्पानं त्याचा धक्का स्वतःच्या खांद्यावर घेतला पण जागा सोडली नाही. थोरला मजेत चालला होता. डावीकडं त्याला सगळं रान दिसत होतं. उजवीकडं बुदाप्पा होता.